मागे बसणारा वाल्मीक

"ज्याचं त्याच्या नावावर असू द्या."

वाल्मीक इंगोलेच्या तोंडी हे वाक्य दिवसातून चारदा तरी यायचं. विहारातल्या खुर्च्यांवर देणाऱ्यांची नावं त्यानेच रंगवलेली. भोजनदानाच्या दिवशी येणाऱ्या स्टीलच्या डब्यांना चिकटपट्ट्या त्यानेच लावलेल्या. कुणाची छत्री राहिली तर दांड्याला चिठ्ठी बांधून तो ती आठवडाभर सांभाळायचा. दिल्लीला एका सरकारी कचेरीत तो डिस्पॅचला होता. सत्तावीस वर्षं त्याने पाकिटांवर नावं घातली, नंबर टाकले, ज्याचं त्याला पोचवलं. असा माणूस कुणाचं काही घेत नाही आणि स्वतःसाठी काही मागतही नाही. मला तो म्हणूनच आवडायचा. मागणारा माणूस मागे बसत नाही, आणि मला मागे बसणारा माणूस हवा होता.

मी मेहकरकडचा, तो वाशीमचा. पोटासाठी दोघंही फरीदाबादला आलो आणि एकाच गल्लीत राहिलो. मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचो, गेल्या वर्षी मोकळा झालो. आमच्या वस्तीत विदर्भ-मराठवाड्यातली चाळीसेक घरं आहेत, आणि त्या चाळीस घरांचं एक लहानसं विहार आहे. त्या विहारात बावीस वर्षं गाणं माझं. पेटी माझी, चाल माझी, शब्दही माझे. मी पुढे बसायचो. वाल्मीक माझ्या डाव्या खांद्यामागे खंजिरी घेऊन बसायचा. गाणं झालं की माझी पेटी खांद्यावर घेऊन तो माझ्या दारापर्यंत यायचा. पेटी ठेवून म्हणायचा, "चला दादा, ज्याचं त्याच्या नावावर." मी हसायचो. माझं माझ्या नावावर होतंच.

आमच्या गाण्याची एक रीत आहे. पुढच्याने ओळ टाकायची आणि मागच्याने ती झेलायची. ओळ संपत आली की पुढचा दम घेतो. तेवढ्यात मागचा शेवटचा शब्द उचलतो, वर नेतो आणि परत पुढच्याच्या हातात आणून ठेवतो. ऐकणाऱ्याला सांधा दिसत नाही. त्याला वाटतं, एकच माणूस गातो आहे.

दरवर्षी चौदा एप्रिलनंतरच्या रविवारी दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद इथली आपली सगळी घरं नोएडाच्या एका हॉलमध्ये जमतात. सुरुवातीला दीपप्रज्वलन होतं आणि तेव्हा गाणं असतं. बावीस वर्षं तिथे मीच गात आलो. या वर्षी समितीचा निरोप आला की प्रत्यक्ष गाणं नको. मागच्या वर्षी हॉलचा आवाज शिट्ट्या मारत होता, माइक बदलण्यात अर्धा तास गेला. ज्याला गाणं द्यायचं त्याने रेकॉर्ड करून पाठवावं, समिती ऐकेल, एक निवडेल आणि तेच वाजेल.

मी तो निरोप दोनदा वाचला. गाणं निवडलं गेलं नाही तर त्या दिवशी मी कुठे बसायचं, हे मला कळेना. आयुष्यात मी त्या हॉलमध्ये कधी समोरच्या खुर्चीत बसलेलो नव्हतो.

वाल्मीक म्हणाला, "दादा, आपण घरीच करू. लुंबिनीचा जुना लॅपटॉप आहे. मी शिकून घेतो."

"तू?"

"पाकिटं लावण्यापेक्षा काय अवघड असेल?"

लुंबिनी त्याची मुलगी, दिल्लीला कॉलेजात शिकते. तिने लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम घालून दिला. मैत्रिणीकडून माइक, हेडफोन आणि माइकची वायर लॅपटॉपला जोडायची एक लहान डबी आणली. मग बाप-लेक रोज संध्याकाळी शिकायला बसले. मी जाऊन खाटेवर बसायचो. चहा प्यायचो आणि बघायचो.

पहिल्या दिवशी आम्ही सवयीने गोल करून बसलो, मधे माइक ठेवला आणि गायलो. ऐकलं तर विहारात आमच्याबरोबर वाजवणाऱ्या विनयची ढोलकी तेवढी ऐकू येत होती. बाकी आम्ही सगळे विहिरीच्या तळाशी.

"ढोलकी कमी कर," मी म्हटलं.

"काका, कैसे कम करें?" लुंबिनी हसली. "सगळं एकातच मिक्स झालंय. आता ढोलकी कमी केली तर तुम्ही पण कमी होणार."

वाल्मीक बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग त्याचे डोळे चमकले. "म्हणजे हे सगळ्यांची पत्रं एकाच पाकिटात घातल्यासारखं झालं. प्रत्येकाचं पाकीट वेगळं पाहिजे."

"बिल्कुल, पापा. त्यालाच ट्रॅक म्हणतात."

त्या दिवशी तो त्या कामाला चिकटला तो चिकटलाच. एकेक गोष्ट त्याने वहीत उतरवली. ज्या ट्रॅकवर घ्यायचं त्याचंच लाल बटण आधी चालू करायचं. आवाजाची पट्टी हिरवी राहिली पाहिजे, लाल झाली की आवाज फाटला. एक टिकटिक लावायची, सगळ्यांनी तिच्यावर चालायचं, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी गायलेलं एकमेकांवर बसतं. टिकटिक हेडफोनमध्येच ऐकायची. हे तो पहिल्यांदा विसरला आणि विनयच्या ढोलकीमागे सगळीकडे घड्याळ वाजत राहिलं. वाल्मीक इतका हसला की त्याला खोकला आला. स्वतःच्या चुकीवर इतकं हसणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी माझ्या चुकांवर कधी हसलेलो नाही.

माझ्या मनात पहिली ठिणगी पडली ती तेव्हा. तो पन्नाशी ओलांडलेला माणूस मुलीशेजारी मांडी घालून बसला होता. मुलगी त्याच्या हातावर चापट मारून म्हणत होती, "पापा, पहले सेव्ह करो!" आणि तो शाळेतल्या पोरासारखा "हो हो" म्हणत होता. माझी मुलं पुण्याला. फोनवर माझ्याशी बोलताना त्यांचं लक्ष दुसरीकडे असतं.

हळूहळू गल्लीत बातमी पसरली. महिला मंडळाला वंदना रेकॉर्ड करून हवी होती. कुणाला लग्नासाठी जयमंगल अष्टगाथा हवी होती. माझ्या दारावरून जाणारी माणसं आता मलाच विचारायची, "दादा, वाल्मीकभाऊ घरी आहेत का?" बावीस वर्षं मी या गल्लीत गातो आहे, आणि आता मी पत्ता सांगणारा झालो.

मग माझा दिवस आला. वाल्मीकने खिडकीला रजई लावली. पंखा बंद केला. त्याच्या बायकोने, नंदावहिनींनी, कुकर लावायचं थांबवलं. गल्लीतला भाजीवाला भोंगा वाजवत पुढे जाईपर्यंत आम्ही थांबलो. हेडफोन कानाला, समोर माइक. वाल्मीकने बोटं वर केली, टिकटिकचे चार ठोके झाले आणि मी सुरू झालो.

गाणं माझंच होतं, याच वर्षी लिहिलेलं. धृपद असं होतं:

पायी आलो, पायी जाऊ, वाट आमची उजेडाची.

पाच कडवी गायलो. छान गायलो. हेडफोन काढले तर अंगाला घाम. म्हटलं, "ऐकव."

त्याने ऐकवलं. आवाज माझा, खणखणीत. "पायी आलो, पायी जाऊ, वाट आमची..." आणि पुढे नुसती ढोलकी. परत, "वाट आमची..." आणि ढोलकी.

"तुझ्या मशीनने खाल्लं," मी म्हटलं.

"मशीन खात नाही, दादा." तो खाली बघून बोलत होता. "तुम्ही म्हटलाच नाही."

"काहीतरीच! बावीस वर्षं गातोय मी."

"हो. पण शेवटचा शब्द तुम्ही कधी घेत नाही. तो मी घेतो."

लुंबिनी वायर गुंडाळायला लागली. ती वायर गुंडाळायची काही गरज नव्हती.

"चल, लाव पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा चार ठोके. "वाट आमची" पर्यंत आलो आणि पुढे पाय टाकला, तर तिथे पायरीच नव्हती. "उजेडाची" वरच्या सुरात जातो. माझा आवाज तिथे गेला आणि कोंबड्याच्या पिल्लासारखा चिरकला. तीनदा केलं. तीनदा तेच. पडद्यावर आवाजाची लाट उमटते. माझ्या ओळीची लाट जाड होती, दंडासारखी. आणि शेवटच्या शब्दावर मुंग्यांची रांग.

वाल्मीक म्हणाला, "राहू द्या दादा. नेहमीसारखंच करू. ते मी वेगळं घेतो."

त्याने हेडफोन घातले आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अकरा वेळा "उजेडाची" यायचा होता. अकराही एका दमात घेतले. एकदाही थांबला नाही, एकदाही पट्टी लाल झाली नाही. मग बसून त्याने ट्रॅकना नावं घातली. 'दादा'. 'पेटी'. 'विनय ढोलकी'. 'खंजिरी'. आणि स्वतःच्या आवाजाला त्याने नाव घातलं 'मागचा'.

लुंबिनी म्हणाली, "पापा, आपका नाम?"

"तेच की," तो म्हणाला.

घरी आलो. प्रभा, माझी बायको, मेथी निवडत होती. मी घडलेलं सांगितलं, म्हणजे अर्धंच सांगितलं. म्हटलं, त्या मशीनवर वाल्मीकचा आवाज उगाच मोठा येतो.

ती मान वर न करता म्हणाली, "मशीनवर कशाला? विहारातही येतो. समोर बसणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. तुमची त्याच्याकडे पाठ असते, म्हणून तुम्हाला माहीत नाही."

"मग बावीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?"

त्या रात्रीपासून माझ्या छातीत एक गोष्ट बसली ती उठेना. मला त्याचा आवाज नको होता, असं नाही. तो आवाज मला हवा होता, पण माझ्या गळ्यात. त्याच्या गळ्यात तो इतकी वर्षं माझ्या पाठीमागे एका हातावर होता, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, याचाच मला सगळ्यात जास्त राग होता. ज्याच्याकडे आहे त्याला किंमत नाही. ज्याला किंमत आहे त्याच्याकडे नाही. हे असं वाटप कुणी केलं?

गाणं पाठवायचा दिवस आला. संध्याकाळी सहापर्यंत समितीच्या अरुणाताईंना पोचवायचं होतं. मी चारला गेलो. वाल्मीकने सकाळीच सगळं ऐकून, कमीजास्त करून ठेवलं होतं. आता फक्त सगळे ट्रॅक एकत्र करून एक फाइल काढायची होती. तेवढ्यात खाली पाण्याचा टँकर आला. तो कॅन घेऊन पळाला. नंदावहिनी त्याच्यामागे गेल्या. लुंबिनी आत चहा करत होती.

लॅपटॉप माझ्यासमोर उघडा होता.

महिनाभर बघून मलाही थोडं कळायला लागलं होतं. प्रत्येक ट्रॅकशेजारी दोन लहान बटणं असतात. एक दाबलं की तो एकटाच ऐकू येतो. दुसरं दाबलं की तो एकटाच गप्प होतो. मी हेडफोन घातले आणि 'मागचा'वर पहिलं बटण दाबलं.

आधी काहीच नाही. मग बारीक कुजबुज. मला वाटलं बाहेरचा आवाज. नीट ऐकलं तर तो वाल्मीकच होता. त्याच्या हेडफोनमध्ये मी गात होतो आणि तो माझ्याबरोबर माझी ओळ ओठातल्या ओठात म्हणत होता, आपली जागा चुकू नये म्हणून. "पायी आलो, पायी जाऊ..." आणि मग मोकळा, वर, "उजेडाची". पुढची कडवीही तशीच. माझं सगळं गाणं तो पुटपुटत होता, आणि ते पुटपुटणं माझ्या गाण्यापेक्षा सुरात होतं. मी जिथे शब्द ओढला होता तिथे तो हळूच ठेवत होता. हे गाणं असं गायचं असतं, हे मला, ज्याने ते लिहिलं त्याला, तेव्हा कळलं.

मी पहिलं बटण सोडलं आणि दुसरं दाबलं. 'मागचा' गप्प झाला.

हात चुकून गेला असं मी पुढे मनाला पुष्कळ दिवस सांगितलं. ते खरं नाही. मी विचार केला होता. म्हटलं, पेटी आहे, ढोलकी आहे, भरून जाईल. ऐकणाऱ्याला काय कळतं? गाणं माझं आहे, एकदा तरी ते फक्त माझं वाजू दे.

वाल्मीक धापा टाकत वर आला. शर्ट ओला. साडेपाच वाजून गेले होते. अरुणाताईंचा फोन येऊन गेला होता. त्याने टॉवेलने हात पुसले आणि फाइल काढली. सकाळी ऐकलेलं होतंच, म्हणून पुन्हा ऐकलं नाही. पाठवून दिली.

"झालं दादा," तो म्हणाला. "जिलबी आणू का?"

मी म्हटलं, "आण."

आणि खाल्लीही.

पुढच्या रविवारी सकाळी समितीने सगळ्यांना अरुणाताईंच्या घरी नोएडाला बोलावलं. मी, वाल्मीक आणि लुंबिनी मेट्रोने गेलो. लुंबिनीने लॅपटॉप बरोबर घेतला होता, काही बदल सांगितला तर म्हणून. गाडीत वाल्मीक मला सांगत होता की पुढच्या गाण्याला दोन माइक लावू. मी खिडकीबाहेर बघत होतो.

सहा-सात माणसं होती. मधे स्पीकर. दोन गाणी झाली, मग आमचं लागलं. पेटी सुरू झाली. माझा आवाज आला. माना डोलल्या. "पायी आलो, पायी जाऊ, वाट आमची..."

ढोलकी. नुसती ढोलकी.

पुन्हा. "वाट आमची..." ढोलकी.

तिसऱ्या वेळी राजीव म्हणून एक आयटीतले गृहस्थ होते, पुण्याचे, ते हळूच म्हणाले, "वाट आमची काय? लागली का?"

लोक हसले. वाईट मनाने नाही हसले, पण हसले. मी जमिनीकडे बघत होतो. भरून जाईल असं मला वाटलं होतं, ते भरत नव्हतं. कडव्यामागून कडवं तो खड्डा उघडा पडत होता, आणि प्रत्येक वेळी मी त्यात पडत होतो.

अरुणाताईंनी गाणं थांबवलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. "दिनकरराव, शब्द चांगले आहेत हो. पण हे असं अर्धवट का?"

मी लॅपटॉपकडे पाहिलं.

वाल्मीकने लॅपटॉप मांडीवर घेऊन उघडला होता. लुंबिनी त्याच्या खांद्यावरून बघत होती. 'मागचा'शेजारचं बटण पेटलेलं होतं. त्याने ते पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. जेवढा वेळ एखाद्या पाकिटावरचा पत्ता वाचायला लागतो तेवढाच.

"बटण दबून राहिलं, ताई," तो म्हणाला. "माझ्या हातून राहिलं. नवीन आहे मी यात."

"पापा, उस दिन सुबह तो मैंने खुद सुना..." लुंबिनी बोलायला लागली.

"राहिलं, बेटा."

त्याने बटण काढलं, वायर स्पीकरला जोडली आणि गाणं पहिल्यापासून लावलं. "वाट आमची..." मी म्हणत होतो, आणि मागून तो आला. "उजेडाची." राजीवरावांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. कुणी मान डोलावली नाही. सगळे स्थिर बसून ऐकत राहिले.

संपल्यावर अरुणाताई म्हणाल्या, "मागे हे कोण गातंय?"

"मी," वाल्मीक म्हणाला.

"तुम्ही? अहो, मग सगळं गाणं तुम्हीच का नाही गायलात?"

एक शब्द त्याने बोलायचा होता, आणि तो शब्द खरा होता. बावीस वर्षांची जागा त्या एका शब्दावर टेकली होती.

"गाणं दादांचं आहे," तो म्हणाला. "चाल त्यांची आहे."

समितीने आमचंच गाणं घेतलं. आहे तसं, दोघांच्या आवाजात. अरुणाताईंनी तिळाची वडी दिली. लोकांनी हात मिळवले, आधी त्याच्याशी, मग माझ्याशी. मी सगळ्यांना हो हो म्हणत होतो.

खाली सोसायटीच्या गेटबाहेर आलो. ऊन चढलं होतं. वाल्मीक थांबला. लुंबिनीच्या हातात लॅपटॉपची पिशवी देऊन तिला म्हणाला, "तू काकांना घेऊन ये. त्यांना गाडी बदलायची असली की गोंधळ होतो."

"आणि पापा, तुम्ही?"

"मी जातो पुढे."

मग माझ्याजवळ आला. आवाज नेहमीचाच, खालचा.

"दादा, ते बटण आपोआप दबत नाही. बोट ठेवावं लागतं."

"वाल्मीक, ऐक. मी..."

"गाणं वाजेल रविवारी. तुमची जागा गेली नाही. तुम्ही मला सांगितलं असतं ना, मला नको तुझा आवाज, तर मी स्वतःच काढला असता. तेवढंच सांगायचं होतं. आता विहारात दुसरं कुणीतरी बघा मागे बसायला. विनयचा भाऊ खंजिरी बरी वाजवतो."

"तू काय करणार?"

"बघू. ट्रॅक खूप रिकामे आहेत."

त्याने हात जोडले, जसे तो कुणालाही जोडायचा, आणि वळला. ई-रिक्षावाला "मेट्रो, मेट्रो" म्हणत त्याच्याशेजारी सरकला. त्याने मानेने नको म्हटलं आणि पायीच निघाला, कडेकडेने, पार्क केलेल्या गाड्यांच्या सावलीतून. दोन्ही हात मोकळे होते. त्याच्या खांद्यावर माझी पेटी नाही, असं चालताना मी त्याला क्वचितच पाहिलं होतं. तो उंच आहे, हेही मला त्या दिवशी दिसलं.

मला हाक मारायची होती. "अरे" एवढं जरी म्हटलं असतं तरी तो थांबला असता, इतका मी त्याला ओळखतो. लुंबिनी पिशवी छातीशी धरून माझ्यापासून चार हात लांब उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. आम्ही दोघं बघत होतो तो एकाच माणसाकडे. तो सेक्टरच्या वळणावर ज्यूसच्या गाड्याशी पोचला, रस्ता ओलांडायला क्षणभर थांबला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे पाहिलं नाही, आणि पलीकडे गेला.